गोदावरीबाईंची साक्ष

गोदावरीबाई तायडे यांचा डावा कान ऑगस्टमधल्या एका मंगळवारी गेला आणि उजवा त्याच्या पुढच्या सोमवारी. मधले चार दिवस ताप होता. अकोल्यात तेव्हा घरटी एक माणूस तापानं पडलेलं होतं, म्हणून त्यांनीही गोळ्या घेतल्या, मुगाचं कढण प्यायल्या आणि उतरेल म्हणून वाट पाहिली. ताप उतरला. सोमवारी सकाळी त्यांनी मोरीतला नळ सोडला तेव्हा बादली भरताना दिसत होती, पण पाण्याचा आवाज नव्हता. त्यांनी नळ बंद केला, पुन्हा सोडला. मग स्वतःचंच नाव मोठ्यानं घेऊन पाहिलं. गळा थरथरला, एवढंच कळलं.

तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं. एका प्राथमिक शाळेत त्या पहिली-दुसरीला शिकवत आणि निवृत्तीला सात महिने उरले होते. नवरा जानराव पोस्टात होता, तो सहा वर्षांपूर्वी गेला. एकुलती मुलगी स्वराली पुण्यात नोकरी, संसार आणि तीन वर्षांचं पोर सांभाळत होती. तायडे घराणं आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. अकोल्यातली त्यांची चर्चमंडळी लहानशी, सत्तर-ऐंशी माणसांची, आणि त्या मंडळीच्या उपासनेत गेली बत्तीस वर्षं पेटीवर गोदावरीबाईच बसत. पाळक बदलले, छपराचे पत्रे बदलले, पेटीवरच्या बाई त्याच राहिल्या. मुलीचं नावही त्यांनी हौसेनं स्वराली ठेवलं होतं.

मोठी बहीण मैनाबाई अमरावतीला राहायच्या. त्यांच्या ओळखीनं तिथल्या कानाच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. चेहरा सुजवणाऱ्या गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवून हातात एक बटण दिलं आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की दाबा. गोदावरीबाई अंगठा बटणावर ठेवून बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी अंदाजानं एकदा दाबलं, मग आणखी एकदा. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "दोन्हीकडची नस गेली आहे. मशीन लावूनही फायदा होणार नाही." मग त्याखाली लिहिलं, "माफ करा."

लोकांना वाटतं, बहिरं माणूस शांततेत राहतं. गोदावरीबाईंना तेवढंही मिळालं नाही. त्यांच्या डोक्यात दिवसभर एक घरघर चालू असायची, शेजारी कापसाचं जिनिंगचं यंत्र सुरू असावं तशी. बाहेरचा एक आवाज येत नव्हता आणि आतला एक थांबत नव्हता.

स्वराली पंधरा दिवसांची रजा काढून आली. तिनं आईच्या फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारं ॲप टाकलं. पुण्याची भाषा त्याला बरी समजायची, वऱ्हाडी मात्र नाही. शेजारीण "काहून", म्हणजे "का", म्हणाली की ते "कानून" लिहायचं. मायलेकी त्यावर हसल्या. ते हसू गोदावरीबाईंना डोळ्यांनी पाहावं लागलं. जाताना स्वरालीनं वहीत लिहिलं, "माझ्याकडे चल. इथं एकटी कशी राहशील?" गोदावरीबाई म्हणाल्या की पुण्यात तुझ्या घराबाहेर मला एक चेहरा ओळखीचा नाही. इथं निदान कोण काय बोलत असेल, याचा अंदाज तरी बांधता येतो. मुलगी रडली, पण गेली. तिलाही जाणं भाग होतं.

शाळेत त्यांनी आठ दिवस जाऊन पाहिलं. नवव्या दिवशी त्या फळ्यावर बाराखडी लिहीत होत्या आणि मागून पहिलीतली एक मुलगी लघवीला जाण्याची परवानगी मागत होती. किती वेळ मागत होती कोण जाणे. गोदावरीबाई वळल्या तेव्हा सगळा वर्ग त्या मुलीकडे पाहत होता. ती ओल्या फ्रॉकनं उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी तिला धुतलं, पुसलं, स्वतःची ओढणी गुंडाळून घरी पोचवलं. संध्याकाळी त्यांनी निवृत्तीपर्यंतच्या रजेचा अर्ज लिहिला.

रविवारी त्या पेटीवर बसल्या. बोटांना सगळं येत होतं. मंडळी उभी राहिली, तोंडं हलू लागली, तशी त्यांनी भाता ओढला. डोळे मिटून वाजवायची सवय बत्तीस वर्षांची, ती एका रविवारात कशी जाणार. डोळे उघडले तेव्हा सगळे बसलेले होते. गाणं कधीच संपलं होतं आणि त्या एकट्या वाजवत होत्या. पाळक नितेश बोरडे हा तिशीतला सालस माणूस. त्यानं जवळ येऊन भात्यावर हळूच हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या रविवारपासून गोदावरीबाई शेवटच्या बाकावर बसू लागल्या आणि पेटीवर कॉलेजात जाणारी एक मुलगी बसू लागली.

उपासना संपली की लोक हात वर करून लांबूनच सलाम करायचे, हसायचे आणि पुढे जायचे. आधी चार-दोन जणांनी वहीत लिहून विचारपूस केली. पण लिहायला वेळ लागतो, पेन शोधावा लागतो, आणि लिहिण्यासारखं दरवेळी कुणाकडे काय असणार? "बऱ्या आहात ना?" एवढं विचारून झालं की वही मिटायची. वाईट कुणीच वागलं नाही. तरी नोव्हेंबर लागेपर्यंत असे दिवस यायला लागले की गोदावरीबाईंशी दिवसभरात कुणी एक शब्द बोललेलं नसायचं. त्या मग मुद्दाम दुकानात जायच्या, पावशेर शेंगदाणे मागायच्या. दुकानदाराचे ओठ हलायचे. त्या मान डोलवायच्या आणि घरी यायच्या.

प्रार्थना हे त्यांचं सगळ्यात जुनं काम. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी टेबलाशी बसून त्या मोठ्यानं प्रार्थना करायच्या, जानराव होता तेव्हाही आणि गेल्यावरही. आता त्या तोंड उघडायच्या आणि दोन वाक्यांत थांबायच्या. आपलाच आवाज येत नाही तर ही प्रार्थना कुठं जाते, असं वाटायचं. एक दिवस त्या एवढंच म्हणाल्या, "बापा, कान घेतले ते घेतले, पण पेटी काहून घेतली? ती तर तुहीच होती." उत्तर आलं नाही. तसं ते पूर्वीही कधी कानात आलं नव्हतं, पण पूर्वी त्यांना कधी खटकलं नव्हतं.

मैनाबाईंनी मात्र हार मानली नव्हती. नोव्हेंबरच्या शेवटी अमरावतीत तीन दिवसांची प्रार्थनासभा होती. बाहेरचे एक मोठे प्रचारक येणार होते. त्यांच्या हातून आंधळे, लंगडे बरे झाल्याचे व्हिडिओ मैनाबाईंनी बहिणीला आधीच पाठवले होते. स्वतः मैनाबाईंनी एकवीस दिवस एकवेळचा उपास धरला होता. त्यांचं वय सत्तर, त्यात साखरेचं दुखणं. गोदावरीबाईंना नाही म्हणवलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही आशा होती. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत त्या मनात एकच मागणं मागत होत्या.

दुपारची सभा होती. मैदानात पांढऱ्या कापडाचा मांडव, आत हजारभर माणसं. मैनाबाईंनी बहिणीचा दंड धरून तिला पार मंचापर्यंत नेलं. प्रचारकांनी दोन्ही तळवे गोदावरीबाईंच्या कानांवर घट्ट दाबले. त्यांचं अंग थरथरत होतं, कपाळावर घाम होता, तोंड भराभर हलत होतं. गोदावरीबाईंनी डोळे मिटले आणि जीव एकवटून वाट पाहिली. तळवे निघाले. आतली घरघर तशीच होती.

मग ते गृहस्थ त्यांच्या पाठीमागे गेले. ऊन कलतं होतं. बाजूच्या पांढऱ्या कापडावर त्यांच्या हाताची सावली वर आली आणि बोटांनी टिचकी वाजवली. गोदावरीबाईंनी सावली पाहिली आणि त्यांची मान आपोआप त्या बाजूला वळली. ते पुढं आले. ओठ अगदी स्पष्ट हलले, ऐकू आलं?

खाली मैनाबाई उभ्या होत्या. हात जोडलेले, चेहरा आसवांनी भिजलेला, उपासानं गाल आत गेलेले. त्यांच्यामागं हजार चेहरे वर बघत होते. गोदावरीबाईंना वाटलं, आपण नाही म्हटलं तर या सगळ्यांसमोर देव खाली पडेल. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मांडवातले सगळे हात एकदम वर गेले. कापड हललं, इतका तो जल्लोष होता. मैनाबाई मंचावर चढल्या आणि बहिणीच्या गळ्यात पडून हुंदके देत राहिल्या. ते हुंदके गोदावरीबाईंना छातीवर जाणवले.

अकोल्याला परत येताना त्या बसच्या खिडकीशी बसल्या होत्या. बडनेरा मागं पडलं तेव्हा मांडीवर फोन थरथरू लागला. स्वराली. मैनामावशीनं तिला कळवलं होतं. व्हिडिओ नव्हता, साधा फोन होता, नुसता आवाजाचा. गोदावरीबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. तो थरथरून थांबला, पुन्हा थरथरला. तीन वेळा. मग मेसेज आला, "आई, उचल ना. तुझ्याशी बोलायचंय. ऐकायचंय मला, तू ऐकतेस ते." गोदावरीबाईंनी लिहिलं, "बसमध्ये आहे. रेंज नाही." मुलीशी त्या आयुष्यात इतकं उघड खोटं बोलल्या नव्हत्या.

पुढचे दोन-अडीच आठवडे आजाराच्या दिवसांपेक्षा वाईट गेले. आतापर्यंत निदान बहिरेपण उघड होतं. आता ते लपवायचं होतं. लोक आनंदानं घरी येऊ लागले आणि गोदावरीबाई दार लावून आत बसू लागल्या. ज्यांच्या एका शब्दासाठी त्या दुकानात जाऊन शेंगदाणे आणायच्या, त्यांनाच आता टाळत होत्या. स्वरालीच्या फोनला रोज नवं कारण. नितेशनं मेसेज करून विचारलं की नाताळच्या आधीच्या रविवारी तुमची साक्ष ठेवू का, देवानं बरं केलं ते तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल, मंडळीला मोठा धीर मिळेल. त्यांनी "ठेवा" असं लिहिलं, कारण दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही. सकाळच्या प्रार्थनेला त्या बसेनाशा झाल्या. ज्याच्या अब्रूसाठी खोटं बोललो, त्याच्याच समोर बसायची लाज वाटत होती.

भिंतीला भिंत लागून केशरबाईंचं घर होतं. केशरबाई मूळच्या नांदगाव खंडेश्वरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्या गोदावरीबाईंना मास्तरीनबाई म्हणत. त्यांचा धर्म वेगळा, देव्हारा वेगळा, पण वीस वर्षं वाटीची देवाणघेवाण चालू होती. माहेराहून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या, त्या घेऊन केशरबाई मागच्या दारानं आत आल्या. मास्तरीनबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. केशरबाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. मग स्टीलचं पातेलं खाली आपटलं.

गोदावरीबाई वळल्या त्या केशरबाईंची सावली ओट्यावर पडली म्हणून. समोर पातेलं पडलेलं होतं आणि केशरबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. केशरबाईंनी स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि हात हलवून विचारलं, नाही ना? गोदावरीबाईंनी मान हलवली, नाही. आणि तिथंच पाटावर बसून त्या ढसाढसा रडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

केशरबाईंनी शेंगा सोलायला घेतल्या. गोदावरीबाईंनी सगळं सांगितलं. मांडव, सावली, मैनाबाईंचे आत गेलेले गाल, सगळं. म्हणाल्या, मी नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते देवात ताकद नाही, नाही तर बाईचा विश्वास कच्चा. बहिणीचा एकवीस दिवसांचा उपास मातीत गेला असता. केशरबाई ऐकत होत्या. मग त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. गोदावरीबाईंनी ॲप उघडून पुढं ठेवलं. केशरबाई फोनवर वाकून सावकाश बोलल्या. ॲपनं नेहमीसारखी मोडतोड केली, पण ओठ आणि अक्षरं जुळवून गोदावरीबाईंनी वाक्य लावलं.

"मास्तरीनबाई, देवाची अब्रू तुमी कायले सांभाळून राहिल्या? त्याची तो पाहीन न."

केशरबाईंनी शेंगा सोलून वाटीत दाणे ठेवले आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीबाई बऱ्याच दिवसांनी टेबलाशी बसल्या. काही मागावं असं वाटत नव्हतं. त्या येशूच्या मरणाचा विचार करत होत्या. लहानपणापासून ती गोष्ट त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती, मुलांना सांगितली होती. पण एक गोष्ट त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आली. क्रुसावरून त्यानं बापाला हाक मारली तेव्हा वरून काहीच आवाज आला नव्हता. खाली लोक हसत होते, वर आभाळ मुकं होतं. त्याला देखील काही ऐकू आलं नाही. तरी त्यानं आपला जीव त्याच बापाच्या हाती सोपवला. उत्तर आलं म्हणून नाही, न येताच. चहाची वेळ टळून गेली. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज केवढा निघतोय याचा विचार न करता त्या अर्धा तास बोलत होत्या. प्रार्थनेत ऐकायचं काम त्याचं आहे, माझ्या कानांची तिथं गरज कधीच नव्हती, हे त्यांना बोलता बोलता कळलं.

त्याच दिवशी त्यांनी स्वरालीला सगळं लिहून पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "मला माहीत होतं आई. तू फोन उचलला नाहीस तेव्हाच कळलं. तू सांगशील म्हणून थांबले होते."

शनिवारी त्या नितेशच्या घरी गेल्या. व्हरांड्यात बसून त्यांनी त्याला खरं ते सांगितलं. तो पांढरा पडला. त्यानं ही बातमी आजूबाजूच्या तीन मंडळ्यांत कळवली होती. मग त्यानं लिहिलं, "उद्या नको, बाई. मी हळूहळू एकेकाला समजावून सांगतो. तुम्हाला त्रास होईल."

गोदावरीबाईंनी कागद वाचून परत त्याच्या हातात दिला. "खोटं मी सगळ्यांसमोर बोलले. खरं मागल्या दारानं नाही सांगायचं."

त्यानं कागदाची घडी करून ती खिशात ठेवली.

रविवारी मंडळीचं देऊळ भरलं होतं. नाताळच्या पताका लागल्या होत्या. मैनाबाई पहाटेच्या गाडीनं अमरावतीहून आल्या होत्या, नवीन लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. गोदावरीबाई पुढं गेल्या. माईक त्यांनी बाजूला सारला, कारण त्याचा आवाज केवढा होतो ते त्यांना कळणार नव्हतं.

"मले ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी अमरावतीलेही आलं नव्हतं. मी मान हलवली ती खोटी होती. मान वळली ती सावली पाहून."

शाळेत शिकवताना त्या नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली आणि त्यांनी ती येऊ दिली. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. म्हणाल्या की प्रार्थना करणाऱ्यांनी मनापासून केली, खोट माझ्या भीतीत होती. देव हरला असं दिसेल, याची मला भीती वाटली. आता त्याला जिंकवायचं काम माझं नाही. तो मला बरं करू शकतो हे मी आजही मानते आणि आजही मागते. त्यानं केलं नाही तर का नाही केलं, ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्याच्या स्वतःच्या पोरानं हाक मारली तेव्हाही वरून आवाज आला नव्हता, आणि म्हणून तो तिथं नव्हता असं नाही.

"मी त्याले सोडलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तो मले सोडून गेला असं मले वाटत होतं. तसं नाही. पण लय एकटं वाटते. हेही खरं आहे, म्हणून सांगून टाकलं."

त्या थांबल्या. लोक काय म्हणाले ते त्यांना ऐकू येणार नव्हतं. फक्त चेहरे दिसत होते. काही खाली गेलेले, काही ताठ झालेले. दोन माणसं उठून बाहेर गेली. मैनाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्या उठल्या, पदर सावरला आणि मधल्या वाटेनं मागं न बघता निघून गेल्या. गोदावरीबाई जागच्या हलल्या नाहीत. मग नितेश त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला, गुडघे टेकले आणि त्याच्या मागोमाग एकेक करत बरीच मंडळी गुडघ्यांवर आली. कुणाचे ओठ हलत होते, कुणाचे नव्हते.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एक कुटुंब मंडळी सोडून गेलं. बाजारात एका ओळखीच्या बाईनं तोंड फिरवलं. अमरावतीच्या सभेचा व्हिडिओ कितीतरी दिवस फोनाफोनी फिरत राहिला, त्यात गोदावरीबाई मान हलवताना दिसायच्या. मैनाबाईंनी मेसेज वाचले, उत्तर दिलं नाही. नाताळ गोदावरीबाईंनी स्वरालीकडे काढला. पंधरा दिवसांनी त्या अकोल्याला परतल्या तेव्हा घर पुन्हा तसंच रिकामं होतं.

जानेवारीपासून त्या मूकबधिर मुलांच्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागल्या, शिकवायला नाही, शिकायला. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसायच्या आणि हातांची भाषा शिकायच्या. पेटीवर पळणारी बोटं इथं अडखळायची. मुलं त्यांच्या चुका पाहून लोळून हसायची आणि त्यांचा हात धरून बरोबर करून दाखवायची. एका मुलीनं एकदा त्यांना येशूची खूण दाखवली. एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळव्याच्या मध्यावर टेकवायचं, मग हात बदलून तसंच. खिळ्यांची जागा. बत्तीस वर्षं त्याची गाणी वाजवली, पण त्याचं नाव असं कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत त्यांचे तळवे एकमेकांना तीच खूण करत होते.

मैनाबाई मार्चमध्ये आल्या, न कळवता. ऊन तापायला लागलं होतं. दारात पिशवी ठेवून त्या उभ्या राहिल्या, पुष्कळ वाळल्या होत्या. गोदावरीबाईंनी पाणी दिलं, भाकर-पिठलं केलं. दोघी जेवल्या. मैनाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, लिहायची सवय गेलेली. जेवण झाल्यावर त्यांनी वही ओढून घेतली आणि मोठ्या वाकड्या अक्षरात लिहायला लागल्या. गोदावरीबाई त्यांच्या मनगटाकडे पाहत होत्या. एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागली.

"गोदे मले तुहा राग नव्हता. मले वाटलं माह्याच मांगण्यात खोट हाय."

इतके महिने बहीण रागावली आहे असं समजून गोदावरीबाई झुरल्या होत्या, आणि तिकडे मैनाबाई आपल्याच प्रार्थनेला बोल लावत एकट्या बसल्या होत्या. गोदावरीबाईंनी वही मिटवली. "तुह्या मांगण्यात काहीच खोट नव्हती, ताई," त्या म्हणाल्या. "देवानं ऐकलं. मी तेवढीच बहिरी राहिली." मैनाबाई हसल्या आणि मग पदरात तोंड घालून बराच वेळ बसल्या.

त्या चार दिवस राहिल्या. सकाळी दोघी टेबलाशी बसायच्या. मैनाबाई डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि ती कधी संपली ते गोदावरीबाईंना कळावं म्हणून शेवटी त्यांचा हात दाबायच्या.

पाचव्या दिवशी गोदावरीबाईंनी त्यांना स्टँडवर अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी वळून दिसेनाशी झाली, तशा त्या पायीच घराकडे निघाल्या. रस्त्याच्या अगदी कडेनं चालायचं आणि दर थोड्या पावलांनी वळून मागं बघायचं, ही त्यांची आता सवय झाली होती, कारण मागून येणारा ऑटो त्यांना कळायचा नाही. भाजीवाल्याकडून त्यांनी मेथीची जुडी घेतली. पुढं चालताना त्या देवाशी बोलू लागल्या, ताईला नीट घरी पोचव, तिची साखर सांभाळ, आणि संध्याकाळी घर फार मोठं वाटतं, तेव्हा जवळ राहा. आपण हे सगळं भर रस्त्यात मोठ्यानं बोलतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली थांबून त्यांच्याकडे पाहू लागल्या. गोदावरीबाईंनी त्यांना हात केला आणि बोलणं पुढं चालू ठेवलं.